गोल पत्र्याखाली

नथमल शेठनी घरावर गोल पत्रे घातले ते वानरांमुळे. कोणी तुम्हाला दुसरं कारण सांगेल, शेठना साहेबी घराची हौस होती म्हणेल, तर खुशाल ऐकून घ्या आणि विसरून जा.

आमचं अक्कलकुवा सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगर संपला की वानरांनीही थांबावं, असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. चिंचेवरून एकाच्या कौलांवर, तिथून दुसऱ्याच्या कौलांवर, असा त्यांचा रोजचा रस्ता. दर उन्हाळ्यात कौलं चाळायची आणि तरी दर पावसाळ्यात घरभर पराती मांडायच्या, हे सगळ्या गावाच्या कपाळी लिहिलेलं होतं. गावाने ते मान्य केलं होतं, नथमल शेठनी केलं नव्हतं. हा माणूस आपल्या किराणा दुकानात दिवसभर गोड बोलायचा, पण छपरावर धप् आवाज आला की हातातली तागडी सोडून, काठी घेऊन अंगणात धावायचा. वानर काठीला भीक घालत नाही हे पक्कं ठाऊक असूनही धावायचा.

ही मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी मला ती दोन्ही बाजूंनी माहीत आहे. शेठच्या शेजारचं घर आमचं, आणि माझी आई शांतीबाई ही त्यांच्या सुनेची जिवाभावाची मैत्रीण. शेठनी आपलं मन ज्याच्यापाशी मोकळं केलं त्या शब्बीर लोहाराने ते पुढे माझ्या वडिलांना सांगितलं. आमच्या गावात गुपित पाळतात, पण एकेकाला सांगून पाळतात.

तर त्या वर्षी नंदुरबारला एक कापसाचं जिन बंद पडलं आणि त्याच्या गोदामाचं छप्पर लिलावात निघालं. साधं छप्पर नव्हतं ते. पन्हळी पत्रे, पण कमानीसारखे वाकवलेले. एका भिंतीवरून निघायचं, वर फुगायचं आणि पलीकडच्या भिंतीवर उतरायचं, असा त्याचा घाट. शेठ मुलाला घेऊन लिलावाला गेले. पत्रे पाहिल्याबरोबर त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की यावर वानर बसणार कसं? घसरून खालीच यायला पाहिजे. तिथल्या तिथे त्यांनी बोली लावली. मग गाड्या जुंपून, तापीच्या उतारातून, तळोद्यावरून तो सगळा लोखंडी पसारा अक्कलकुव्यात आला. बाजाराचा दिवस होता. डोंगरातून आलेली माणसं मोहाची टोपली खाली ठेवून बघत राहिली.

पत्रे बसवले शब्बीरने. त्याला काम फार आवडलं.

"शेठ, ह्या घरले आढंबी नको नि मधमा खांबबी नको," तो वरून ओरडून सांगायचा. "दोन भिंतीसवर कमान टेकनी का काम व्हयनं!"

शब्बीरला जी गोष्ट आवडली, तिनेच आमचा सुतार धुडकू मिस्तरी रुसला. आढं म्हणजे छपराचा कणा. ते चढतं तेव्हा त्याची पूजा होते, नारळ फुटतो, सुताराला धोतर-पागोटं मिळतं. आढंच नाही म्हटल्यावर सुताराचा मान कुठे राहिला? "आढं नही तं घर कसानं?" तो चौकात सांगत सुटला. "हाई तं दमणी शे, बैल जुपा नि चालू पडा." दमणी म्हणजे बायकामाणसांची छपराची बैलगाडी. गावाला तेवढं पुरे झालं. शेठच्या घराचं नाव त्या दिवसापासून दमणी पडलं ते आजतागायत.

शेठनी धुडकूला धोतर-पागोटं दिलं, तरी त्याची धुसफूस गेली नाही. आतल्या खोल्यांचे कूड, म्हणजे मधल्या आडभिंती, करायची वेळ आली तेव्हा त्याने ते भिंतीच्या उंचीइतकेच केले आणि वर पत्र्यापर्यंत सगळं मोकळं सोडून दिलं. शेठनी विचारलं, तर म्हणाला, "त्या गोल पत्राले लाकूड कापत बसाले माले येळ नही." वारा खेळेल, असं म्हणून शेठनी सोडून दिलं. सुताराचा रुसवा आणि शेठचा आळस, दोघांनी मिळून हे घर घडवलं असं मी म्हणते. कारण पुढचं सगळं त्या मोकळ्या जागेमुळे झालं.

आता घरातल्या माणसांबद्दल. शेठची बायको अनोखीबाई दोन पावसाळ्यांमागे वारली होती. उरले तिघं. शेठ, मुलगा धर्मचंद आणि सून लाडकंवर. चौथी नात तीजा, पण ती झोळीत. धर्मचंद सोन्यासारखा माणूस, पण शब्द तोंडातून काढताना तोळामासा मोजून काढणारा. आणि सून? मारवाड्यांच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. बोलत नाही एवढंच नव्हे, आपला आवाजही त्याच्या कानावर पडू देत नाही. मला विचाराल तर या रीतीला मी चांगलं म्हणणार नाही, पण तेव्हा ती होती. घूंघट हनुवटीपर्यंत. बांगड्या वाजल्या की जेवण वाढलं, कडी वाजली की पाणी ठेवलं. अनोखीबाई होती तोवर ती मध्ये होती; इकडचं तिकडे तीच सांगायची, आणि नवऱ्याशी दिवसभर कडाकडा भांडायची. ती गेली आणि शेठशी घरात बोलणारं कोणी राहिलं नाही.

दुकानात गिऱ्हाइकांचा गलका, आणि कूड ओलांडला की सामसूम. जैनाचं घर, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. मग शेठ आपल्या खाटेवर, पश्चिमेच्या भिंतीला तोंड करून पडायचे आणि भिंतीशी बोलायचे. म्हणजे मेलेल्या बायकोशीच. "अनोखी, आज कढीत मेथी जास्त पडली." "अनोखी, गुडघा धरलाय." भिंत काही बोलायची नाही. माणूस एवढा एकटा पडू नये. शब्बीरजवळ शेठ एकदाच म्हणाले होते, "शब्बीर, मन्हा घरमा माले हाक मारनारं कोनी नही ऱ्हायनं."

गोल पत्र्याखाली राहायला गेल्यावर दिवाळीनंतर कधीतरी, दिवस मावळताना, शेठ असेच पडले होते. तोच कानाशी कोणीतरी बोललं. अगदी कानाशी. बाईचा आवाज, आणि तो अस्सल अहिराणीत.

"नि तो लिलामवाला म्हणे, 'शेठ, हाऊ पत्रा वाकडा नही, गोल शे.' तं मन्हा सासरा काय म्हणे? 'गोल शे? मंग माले घर बांधनं शे का गाडानं चाक?'"

आणि दुसरा आवाज, खिदळत, "बस कर वो बाई! हासी हासी पोट दुखाले लागनं मन्हं."

शेठ उठून बसले, तर आवाज बंद. खोलीत कोणी नाही. परत आडवे झाले, तर आवाज परत सुरू. कितीतरी वेळ ते खाटेवर उठत-बसत होते. मग त्यांच्या लक्षात आलं. स्वैपाकाची चूल पूर्वेच्या भिंतीला, खाट पश्चिमेच्या. चुलीपाशी बसून बोललेला शब्द पत्र्याला लागायचा, कमानीवरून वर चढायचा, कुडांच्या डोक्यावरून पार व्हायचा आणि थेट त्यांच्या उशीशी उतरायचा. मध्ये उभं राहिलं तर कुजबूजही ऐकू येत नव्हती. हा उद्योग फक्त दोन भिंतींचा होता.

दुसरा आवाज माझ्या आईचा, हे त्यांनी ओळखलं. रोज संध्याकाळी ती धान्य निवडायला लाडकंवरकडे जाऊन बसायची. पण पहिला? इतकी वर्षं ज्या सुनेचा त्यांनी खोकलासुद्धा ऐकला नव्हता, तिचा! लाडकंवर शहाद्याची, तिथल्या गुजर-पाटलांच्या पोरींबरोबर वाढलेली. तिची अहिराणी दुकानातल्या शेठच्या अहिराणीपेक्षा झणझणीत होती. आणि काय ते सांगणं! ती त्यांचीच नक्कल करत होती. लिलावात त्यांनी मान कशी हलवली, पत्रा बोटाने कसा वाजवला, 'वाकडा मालनं मोल सरळ कसं?' म्हणून कशी घासाघीस केली, हे सगळं तिने नवऱ्याकडून चिमूट-चिमूट काढून घेऊन त्याची परात भरली होती.

शेठना आधी राग आला. मग, ते मान्य करायला त्यांना जड गेलं, पण हसू आलं.

तेव्हापासून त्यांची संध्याकाळ बदलली. जेवण झालं की "पाठ टेकतो" म्हणून ते खाटेवर जायचे, पूर्वी कधी गेले नव्हते इतक्या लगबगीने. लाडकंवरकडे गोष्टींचा तोटा नव्हता. खापर गावच्या बोहऱ्याची बकरी, तळोद्याच्या मामलेदाराची छत्री, शहाद्याची तिची आत्या जी चोराला जेवायला वाढून मग आरडाओरडा करते. आणि वानरं. वानरांची गोष्ट तर माझी आई म्हातारपणी मला सांगायची आणि सांगताना पदर तोंडावर घ्यायची.

"मोठं वांदर पत्रावर चढनं," लाडकंवर सांगत होती, "नि सुर्रकन खाले उनं. आमले वाटनं, आते पळी जाई. सासरानी तं मिशीसले ताव दिन्हा! दुसरा दिन दखतस तं काय, ते बायकापोरेसले लई उनं. घसरगुंडी खेळाले! नि मन्हा सासरा खालतीन काठी लई, 'उतर! उतर!' तं त्या उतरतसच शेतस ना! चढतस नि उतरतस, चढतस नि उतरतस!"

त्या दिवशी शेठनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. तरी थोडं फिसकन बाहेर आलंच. चुलीकडे क्षणभर सगळं गप्प झालं. मग आईने काहीतरी विचारलं, बोलणं पुढे गेलं, आणि शेठनी तोंडातला बोळा काढला.

खाणंपिणंही सुधारलं होतं म्हणे. कढीतली मेथी बेताची झाली, गुडघ्याला लावायला गरम एरंडेल वाटीत तयार असायचं. सून हुशार आहे, न सांगता कळतं तिला, असं शेठ दुकानात चारचौघांत बोलले. एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात दुसरा विचार कसा आला नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

पण मनाला टोचणी लागलीच. सुनेचं बोलणं चोरून ऐकायचं, ही काय सासऱ्याची रीत झाली? ते एकदा शब्बीरच्या भट्टीवर जाऊन बसले.

"शब्बीर, मालनी चोरी करी तं माणूस चोर. कान चोरी करतस तं?"

शब्बीरने सगळं ऐकून घेतलं आणि भाता ओढत म्हणाला, "शेठ, पत्रा मी ठोका, पन त्याले चुगली कराले मी नही शिकाडं. सांगी टाका ना पोरले."

"सांगं तं ती बोलनं बंद करी टाकी." शेठ निखाऱ्यांकडे बघत राहिले. "मंग मी काय करू रे?"

शब्बीरने भाता सोडला. तो घण उचलून कामाला लागला.

डोंगरातल्या काठी गावची होळी झाली आणि ऊन चढायला लागलं. पत्र्याखालचा पहिला उन्हाळा. कौलांखाली घाम येतो, पत्र्याखाली माणूस शिजतो. शेठ दिवसभर दुकानात, तिथे पुढे ओसरी होती. धर्मचंदही तिथेच. सगळा ताप चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला. लाडकंवरच्या मानेवर घामोळ्या आल्या. तीजाची झोळी तिने सासऱ्याच्या खाटेशेजारी हलवली, कारण त्या बाजूला कडुनिंबाची सावली होती. एक दिवस स्वैपाक करताना तिला घेरी आली. धर्मचंदने पाहिलं आणि त्या अबोल माणसाने त्याच दिवशी तोंड उघडलं. घरात ते मारवाडी बोलायचे. मी आपल्या भाषेत सांगते.

"बापूजी, छताखाली फळ्यांची तक्तपोशी ठोकून घेतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत. वरचा ताप खाली उतरणार नाही."

शेठनी वर पत्र्याकडे पाहिलं. तक्तपोशी म्हणजे फळ्यांचं सपाट छत. ते झालं की कमान वर आणि माणसं खाली. शब्द फळीला आपटून तिथेच पडायचा.

"फळ्यांना वाळवी लागते," शेठ म्हणाले.

"सागाच्या घेऊ."

"उंदीर होतील."

"मांजर पाळू."

"अंधार होईल."

"खिडकी पाडू," धर्मचंद म्हणाला. जन्मात एवढा तो बापाशी बोलला नसेल.

शेठ उठले. खाटेवर जाऊन पडले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी पलीकडची गोष्ट ऐकली नाही, नुसता आवाज ऐकला. आवाज दमलेला होता. मध्येच ती थांबून पाणी पीत होती. ही पोर तिकडे भाजून निघते आहे आणि मी इकडे गोष्टींसाठी वाळवीचं नाव सांगतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांना आवाज हवा होता, जिवापाड हवा होता. पण आवाजवाली जगली-वाचली पाहिजे, आवाजाचं मग बघू. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी मुलाला सांगितलं, "धुडकूला बोलाव. घाल तक्तपोशी."

धुडकू मिस्तरी तर या दिवसाची वाटच बघत होता. "आते घर दखासारखं व्हई," म्हणत त्याने सागाच्या फळ्या आणून अंगणात रचल्या. जेवण करून येतो आणि पहिली फळी ठोकतो, असं सांगून तो घरी गेला. धर्मचंद खिळे आणायला बाजारात गेला. दुपारची वेळ. दुकानाची फळी ओढून शेठ आत आले आणि शेवटचं म्हणून खाटेवर आडवे झाले. शेजारी झोळीत तीजा झोपली होती.

आज काही ऐकू येईल अशी आशा नव्हती. दुपारी कोण बोलणार? आणि माझी आई तर त्याच सकाळी खापरला आतेबहिणीच्या लग्नाला गेली होती. ती गाडीत बसताना शेठनी स्वतः पाहिली होती.

पत्रा तापून कडकड वाजत होता. मग त्या आवाजाखालून दुसरा आवाज आला.

"एका गावात एक शेठ राहायचा."

एवढंच. मग शांतता.

शेठनी डोळे उघडले. मारवाडी! लाडकंवर मारवाडीत बोलत होती. शांतीबाईला मारवाडीचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि शांतीबाई खापरला होती. तीजा इथे झोळीत होती. धर्मचंद बाजारात. मग ही सांगते आहे कोणाला?

"एका गावात एक शेठ राहायचा," पुन्हा तेच वाक्य आलं, आणि पुन्हा ती थांबली.

आणि शेठना ते थांबणं ओळखू आलं. मारवाडात गोष्ट अशी तशी सांगत नाहीत. सांगणारा एक वाक्य बोलतो आणि थांबतो. ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. त्याला म्हणतात हुंकारो. तो आला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही, तिथेच बसून राहते. 'बात में हुंकारो, फौज में नगारो' अशी म्हणच आहे त्यांच्यात. शेठ मुलखातून इकडे आले तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्याकडे कोणी हुंकारो मागितला नव्हता.

पत्र्याला दोन टोकं असतात, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात शिरलं. तिकडचं इकडे येतं, तसं इकडचंही तिकडे जात असणार. कढीतली मेथी. गुडघा. अनोखीला मारलेल्या सगळ्या हाका. 'हूं' म्हणावं, तर इतके महिने चोरून ऐकल्याची कबुली. न म्हणावं, तर गोष्ट संपली, आणि थोड्या वेळात धुडकू येणार.

"एका गावात," पलीकडून अगदी हळू आवाज आला. तिलाही भीती होतीच की. सुनेने सासऱ्याशी बोलणं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. "एका गावात एक शेठ राहायचा."

शेठनी भिंतीकडे तोंड केलं.

"हूं," ते म्हणाले.

चुलीपाशी बांगड्या एकदम किणकिणल्या, जणू कोणी दोन्ही हात तोंडावर नेले. मग गोष्ट निघाली.

"त्या शेठची शेठाणी देवाघरी गेली आणि घर गप्प झालं."

"हूं."

"शेठ भिंतीशी बोलायला लागला. भिंत ऐकायची नाही. कुडापलीकडे चुलीपाशी सून होती, ती ऐकायची. ऐकून तिला रडू यायचं. पण बोलायची तिला बंदी."

शेठचा हुंकारो लगेच आला नाही. ती थांबून राहिली. तो आल्यावरच पुढे गेली.

"एक दिवस सून मैत्रिणीला वानरांची गोष्ट सांगत होती. तेव्हा पलीकडून कोणीतरी हसलं. सुनेने जीभ चावली. मेले मी, म्हणाली, सासऱ्याने ऐकलं, आता उद्यापासून तोंडाला कुलूप. मग सकाळी तिने बघितलं, तर शेठ एक पोळी जास्त खाऊन उठला. शेठाणी गेल्यापासून पहिल्यांदा."

"हूं."

"मग सुनेने काय केलं? रोज नवी गोष्ट शोधायला लागली. शोधून शोधून तिची अक्कल संपत आली, तरी शोधायची. मैत्रीण म्हणायची, एवढ्या गोष्टी तू आणतेस कुठून? तिला काय माहीत, ऐकणारा कोण आहे ते."

शेठनी उपरणं डोळ्यांना लावलं. तोंडात कोंबायचं ते उपरणं आज डोळ्यांच्या कामी आलं. हुंकारो जेमतेम निघाला, पण निघाला.

"आता सुनेचा नवरा म्हणतो, छताखाली फळ्या ठोकू. तो बिचारा तिच्या भल्यासाठीच म्हणतो. पण सुनेचा हिशेब वेगळा आहे. पत्र्यावर पळसाच्या फांद्या अंथरल्या, दुपारी वर दोन घागरी पाणी शिंपडलं, तर ऊन सोसतं. आणि नाही सोसलं, तरी उन्हाळा चार महिने असतो. गप्प घर बारा महिने असतं."

ती थांबली. इथे शेठ नुसतं 'हूं' म्हणाले नाहीत. दोनदा म्हणाले.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. धर्मचंद खिळ्यांची पुडी घेऊन आला होता आणि मागे हत्यारांची पिशवी घेऊन धुडकू. दारातून धर्मचंदला दिसलं ते असं, की बापूजी भिंतीकडे तोंड करून पडलेत आणि भिंतीला हुंकारे देताहेत. त्याला वाटलं, ऊन लागलं.

"बापूजी, बरं वाटत नाही का?"

शेठ उठून बसले. डोळे लाल, चेहरा मात्र उजळलेला. "धुडकू," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "त्या फळ्यासनी दुकानमा मांडनी कर. मोठी. डाळीना डबा ठेवाले."

"नि तक्तपोशी?" धुडकूचा चेहरा पडला.

"तक्तपोशी नको. आते जाई पळसन्या फांद्या तोडी आन. पत्रावर टाकन्या शेतस."

धर्मचंद बापाकडे बघतच राहिला. "पण चुलीपाशी किती तापतं! तिला सोसणार नाही."

"सोसेल. पाणी शिंपडायचं काम तुझं. रोज दुपारी, चुकवायचं नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं सोसेल म्हणून?"

शेठनी वर बोट दाखवलं. "पत्र्याने," ते म्हणाले.

धर्मचंदने धुडकूकडे पाहिलं, धुडकूने धर्मचंदकडे. दोघं कोयता शोधायला निघाले. मारवाडी माणसाने घर गोल केल्यावर डोकंही गोल व्हायचंच, असं धुडकूने त्या संध्याकाळी चौकात सांगितलं, आणि गावाने ते बरेच दिवस चघळलं.

त्यांची पावलं लांब गेली तशी शेठनी झोळीला एक झोका दिला, तीजाच्या अंगावरची माशी हाकलली आणि परत आडवे झाले. पलीकडे सगळं चिडीचूप होतं. आपण नवऱ्याच्या पाठीमागे किती मोठं धाडस केलं, हे आता त्या पोरीच्या ध्यानात येत असावं. लाडकंवरमावशी मला सांगायची, "तवा माले वाटे, आते सासरा काय म्हनी नि काय नही."

सासऱ्याने वाट पाहिली. मग या खेपेला गोष्टीच्या आधी, स्वतःहून, भिंतीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "हूं."

आणि चुलीकडून पुढची गोष्ट सुरू झाली.